घट्ट झालं म्हणजे मिसळलं नव्हे

तेल आणि पाणी यांचं आपसांत जमत नाही, ही गोष्ट दिवाळीच्या पहाटे पाटावर कुडकुडत बसलेल्या प्रत्येक मराठी पोराला पाठ असते. अंगाला चोळलेलं तेल नुसत्या पाण्याने जाता जात नाही. त्याला उटणं लागतं. एवढं ज्ञान आमच्या मुळशीत पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत होतं. पण ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या काठी आता रिसॉर्टं झाली, रिसॉर्टांत 'स्पा' निघाले, आणि आमच्या वहिनींच्या बचतगटाला 'होममेड बॉडी स्क्रब' शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या.

बाईंशी माझं वैर नाही. 'सगळं नॅचरल, केमिकल काही नाही' या त्यांच्या घोषणेशी आहे.

त्यांनी सांगितलं, झँथन गम घाला, तेल-पाणी एकजीव होईल. होत नाही हो! गमामुळे पाणी दाट होतं आणि तेलाचे थेंब त्या चिकात अडकून पडतात, इतकंच. एसटीच्या गर्दीत दोन भाऊबंद खेटून उभे राहिले म्हणजे बांधाचं भांडण मिटलं असं नाही. पौडचा स्टँड आला की दोघे दोन दिशांना. भांडण मिटवायला मध्यस्थ लागतो, एक हात तेलाच्या खांद्यावर आणि दुसरा पाण्याच्या खांद्यावर टाकून उभा राहणारा. त्याचं नाव इमल्सिफायर. मेणसुद्धा हे काम एकटं धड करत नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन वैद्याच्या नावावर मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं कोल्डक्रीम सांगतात. पण त्या मिश्रणात एकोणिसाव्या शतकात टाकणखार पडला, तेव्हा कुठे ते नीट टिकायला लागलं.

आणि 'नॅचरल' म्हणजे काय? कोबीवर घाण्या रोग आणणारा जो जिवाणू, त्यालाच कारखान्याच्या टाकीत साखर खायला घालून हा गम काढतात. त्यात वाईट काही नाही, आपण तो सॉसमधून खातोच. पण हा गम तेवढा 'नॅचरल' आणि माल टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह तेवढं 'केमिकल', ही वाटणी कुठल्या तलाठ्याने केली?

कारण खरी मेख तिथेच आहे. बाईंच्या कृतीत दाटपणासाठी आंबेमोहराची पेज, वर कोरफडीचा गर, दही आणि बेसन. याला स्क्रब म्हणत नाहीत मंडळी, ही बुरशीची पंगत आहे! ताम्हिणीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना बुरशी काय शिकवायची? आमच्याकडे श्रावणात ती चपलांवर येते, पट्ट्यावर येते, भिंतीवरच्या पंचांगावरही येते. शिवाय डोळ्यांना दिसते ती परवडली. न दिसणारे जंतू वाईट, आणि स्क्रबने खरवडलेली कातडी म्हणजे त्यांना उघडं दार. यावर बाईंचा उपाय काय, तर व्हिटॅमिन ईच्या दोन गोळ्या फोडून घाला. अहो, ते तेलाला खवट होऊ देत नाही. जंतूंना ते काहीसुद्धा करत नाही.

डबी नासली तर बाई पुण्यात, रिसॉर्टवाला हात वर करून मोकळा, आणि नाव जातं गटाचं. भांडवल कुणाचं? दर महिन्याला शंभर-शंभर रुपये बाजूला टाकणाऱ्या बायकांचं. विकण्यासाठी प्रसाधनं बनवायची तर कायद्याने परवाना लागतो, हेही बाईंनी सांगितलं नव्हतं.

"भावजी, नावं ठेवायला काय जातं? करायचं काय ते सांगा," वहिनी म्हणाल्या.

सांगतो ना. मसुराचं पीठ, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा. सगळं खडखडीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ. डबीत पाण्याचा थेंब नाही. दूध घालायचं ते न्हाताना, वाटीत, लागेल तेवढंच. दूध म्हणजे तरी काय, स्निग्धांश आणि पाणी यांचं गाईने आधीच लावून दिलेलं लग्न. मध्यस्थ आतच बसलेला असतो. रिसॉर्टला ओशट मऊपणाच हवा असेल, तर तेलात दहावा हिस्सा इमल्सिफाइंग वॅक्स वितळवा आणि निवत आलं की साखर घाला. पाणी इथेही नाही. अंगावर पाणी पडलं की त्याचं आपोआप दूध होतं आणि तेल निघून जातं. नुसत्या तेल-साखरेने फरशी निसरडी होऊन पाहुणा आपटतो. आणि पाणी घालायचंच असेल, तर तेल आणि पाणी दोन्ही सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवून घोटा, निवल्यावर प्रिझर्व्हेटिव्ह मोजून घाला. फिनॉक्सिइथेनॉल असेल तर शंभराला एक, वर नाही. अंदाजपंचे चिमूटभर चालणार नाही. ग्रॅमचा काटा आणा.

गटाने कोरडं उटणं मंजूर केलं. डबीवर मॅनेजरला 'स्क्रब' छापून हवंय, वहिनींना 'उटणं'. खाली 'ओला हात घालू नये' हे छापायला दोघेही तयार आहेत. परवान्याचा अर्ज कुणी भरायचा, यावर मात्र बैठकीत सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या.