दाहाच्या खुणा आणि पुरःस्थ ग्रंथि

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांच्या एका व्याधीविषयीं घरांत सहसा बोललें जात नाहीं. रात्रीं तीनतीनदां उठावें लागतें, लघवीची धार बारीक होते. पण वडील मंडळी तें वयावर ढकलून स्वस्थ बसतात. म्हणून डॉक्टर जिला प्रोस्टेट म्हणतात, त्या पुरःस्थ ग्रंथीचा विषय आज आम्हीं मुद्दाम घेतला आहे.

सुमारें अक्रोडाएवढी ही ग्रंथि मूत्राशयाच्या तोंडाशीं मूत्रमार्गास वेढून असते. सुश्रुतसंहितेंत मूत्राघाताच्या प्रकारांमध्यें वाताष्ठीला सांगितली आहे. तिचें ग्रंथीच्या वृद्धीशीं असलेलें साम्य आजचे वैद्य दाखवितात. दाह, वृद्धि व कर्करोग हे या ग्रंथीचे तीन मुख्य विकार. त्यांचीं बाह्य लक्षणें पुष्कळदां सारखींच असल्यामुळें रक्ताच्या तपासणीकडे आशेनें पाहिलें जातें.

शरीरांत कोठेंहि दाह झाला कीं यकृत एक विशिष्ट प्रथिन रक्तांत अधिक सोडूं लागतें. १९३० सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस यांनीं न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत तें प्रथम दाखविलें. त्यासच सी. आर. पी. म्हणतात. हें प्रथिन म्हणजे गांवांत आग लागल्याची हाकाटी होय. आग कोणाच्या घराला लागली हें तिच्यावरून कळत नाहीं. दांत, सांधे, छाती, कोठलाहि दाह तें वाढवितो.

दुसरी खूण पी. एस. ए. हिची उत्पत्ति मुख्यतः या ग्रंथींतच होत असल्यामुळें ती घर दाखविते, परंतु कारण सांगत नाहीं. कर्करोगावर देखरेख ठेवण्यासाठीं अमेरिकेंत १९८६ सालीं व निदानास साह्य म्हणून १९९४ सालीं हिला मान्यता मिळाली. तथापि वृद्धीनें व दाहानेंहि हा आंकडा चढतो. जंतुसंसर्ग बरा झाल्यावरहि तो उतरण्यास कित्येक आठवडे लागतात; म्हणूनच उपचारानंतर कांहीं काळानें तपासणी पुन्हां करण्याची रीत आहे.

दाह आणि कर्करोग यांचा संबंध असावा असें विर्खो या जर्मन पंडितानें १८६३ सालींच सुचविलें होतें. या ग्रंथीच्या बाबतींत मात्र दाह हेंच कर्करोगाचें कारण, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. बळावलेल्या कर्करोगांत सी. आर. पी. फार वाढलेलें असल्यास रोग्याची स्थिति बहुधा अधिक बिकट असते, इतकें दिसून आलें आहे. उलट तें प्रमाणांत असलें म्हणजे कर्करोग नाहीं, असें मानणें धोक्याचें होय.

सारांश, एका आंकड्यावरून हाय खाऊं नये आणि एका आंकड्यावरून निर्धास्तहि होऊं नये. थंडी वाजून ताप येऊन लघवीस जळजळ होत असेल, लघवींत रक्त दिसेल किंवा ती अजीबात अडेल, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. वडील आपण होऊन सांगणार नाहींत. तेव्हां रात्रीं त्यांच्या खोलींतला दिवा वारंवार लागतो काय, इकडे घरांतील कर्त्या मुलांनीं व सुनांनीं लक्ष ठेवावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.