ओढ्याचाही अहवाल हवा

घरोघरी आकाशकंदील लागतात, त्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांत वर्षातल्या सगळ्यात धावपळीच्या फवारण्या चालू असतात. गोडी छाटणी होऊन काडीवर कोवळी फूट आलेली असते, बारीक घड दिसू लागलेले असतात. नेमक्या त्याच वेळी अवकाळी पाऊस आला की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने बागायतदाराची झोप उडते. पाऊस थांबला रे थांबला की ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला जातो. घड कुजले तर वर्षाचं उत्पन्न जातं आणि कर्ज मात्र अंगावर राहतं. त्या घाईला दोष देणं सोपं आहे, न्याय्य नाही.

पण तोच पाऊस बागेतून वाहत बांधापाशी येतो, तिथून नाल्यात, नाल्यातून कादवा नदीत आणि कादवेतून गोदावरीत जातो. या दोन नद्यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा जुना बंधारा आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाण्यात वनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांसाठी एक मोठी पाणथळ जागा तयार झाली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२० च्या जानेवारीत ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे पाहुणे हिवाळ्याच्या तोंडावर, म्हणजे फवारणीच्या ऐन हंगामातच इथे उतरू लागतात. पाण्यातले किडे, अळ्या, गोगलगायी आणि पाणवनस्पती हे त्यांचं खाद्य. कीटकनाशक पाण्यात पोचलं की सगळ्यात आधी मरतात ते हेच किडे आणि अळ्या.

यंदाच्या या दिवाळी अंकातलं बरंचसं लेखन पाण्याभोवती फिरतं. धरणं, टँकर, पाणीवाटपाचे तंटे हे विषय मराठी वाचकाला नवे नाहीत. शेताच्या कडेने वाहणाऱ्या लहान ओढ्यात काय काय विरघळलेलं असतं, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. कीटकनाशकांची चर्चा दोन वेळा होते. एक, ताटातल्या भाजीत अंश सापडले की. दुसरी, माणसं मेली की. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा राज्य हादरलं. ओढ्यातल्या जिवांच्या मरणाची अशी नोंद कुठेच होत नाही.

नोंद ठेवली की काय घडतं, हे नाशिकच्याच बागायतदारांनी दाखवून दिलं आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू केली. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते, फवारणीची वही ठेवावी लागते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि परदेशातल्या दुकानातल्या खोक्यापासून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथली शिफारशीच्या औषधांची यादी, म्हणजे ‘ॲनेक्श्चर ५’, आज गावोगावच्या बागायतदारांना माहीत असते. लेबल क्लेम, म्हणजे द्राक्षावर वापरायची अधिकृत मान्यता, आहे का, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, हे प्रश्न पारावर बसून चर्चिले जातात.

ही शिस्त फुकट आलेली नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपने भारतीय द्राक्षांत शोधून काढले. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच, त्यामुळे इथे ‘पास’ झालेला माल तिथे अडला आणि बागायतदार-निर्यातदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर ते यादीत आलं आणि बागेतला त्याचा वापरही बदलला.

त्याच बागेखालच्या ओढ्यासाठी अशी यादी नाही, वही नाही, नमुनाही नाही. नद्यांची सरकारी तपासणी होते, ती मुख्यतः विरघळलेला प्राणवायू, बीओडी, सामू, कोलीफॉर्म यांची. कीटकनाशकं पाहिली जातात ती मोजक्या ठिकाणी आणि क्वचित. शिवाय ठरलेल्या तारखेला बाटली भरून रसायनाची लाट हाती लागत नाही. जर्मनीत २०१८ आणि २०१९ मध्ये शेतीपट्ट्यातल्या शंभराच्या आसपास लहान ओढ्यांचं पाणी तपासलं गेलं, तेही मुद्दाम पावसानंतर लगेच. सुमारे ८० टक्के ओढ्यांत कुठल्या ना कुठल्या कीटकनाशकाने जलचरांसाठी ठरवलेली मर्यादा ओलांडली होती. पावसानंतर काही तास चढणारी पातळी नेहमीच्या नमुन्यांत दिसतच नव्हती. २०२१ मध्ये जर्मनीने पाण्याच्या काठापासून १० मीटरपर्यंत फवारणीला बंदी घातली. काठावर कायम गवताचा पट्टा राखला, तर हे अंतर ५ मीटरवर येतं.

आपल्याकडची मर्यादा माणसाच्या पिण्याच्या पाण्यापुरती आहे. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) लिटरभर पाण्यात ३० मायक्रोग्रॅम क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक चालतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जलचरांना अल्पकाळासाठी सोसेल अशी जी पातळी १९८६ मध्ये ठरवली, ती आहे ०.०८३ मायक्रोग्रॅम. म्हणजे जे पाणी माणसासाठी कागदोपत्री निर्धोक, ते जलचरांच्या मर्यादेच्या साडेतीनशेपट विषारी असू शकतं.

सहसा पावसाबरोबर शेतातून वाहून जाणारं रसायन फवारलेल्याच्या एक-दोन टक्क्यांच्या आतच असतं. तेवढंही जलचरांना मारायला पुरतं, कारण घातक मात्राच अशी सूक्ष्म आहे. त्याहून सहज टाळता येण्याजोगं नुकसान होतं ते पंप भरताना आणि धुताना. वीस टक्के तीव्रतेच्या औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये, म्हणजे झाकणभरात, साधारण एक ग्रॅम मूळ रसायन असतं. युरोपात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. त्या हिशेबाने हा एक ग्रॅम एक कोटी लिटर पाणी बाद करतो. मोटर लावून ओढ्याकाठीच टाकी भरायची, उरलेलं तिथेच ओतायचं, तिथेच ब्लोअर धुवायचा आणि रिकामी बाटली काठावर टाकायची, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही नदीखोऱ्यात दिसेल.

स्वीडनच्या दक्षिण टोकाला वेमेनहोग नावाचं जेमतेम नऊ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र आहे. तिथल्या ओढ्यातली कीटकनाशकं १९९० पासून सातत्याने मोजली गेली. आकडे हाती आल्यावर सल्लागार शेतकऱ्यांच्या घरी गेले, पंप कुठे भरता, कुठे धुता हे विचारलं, बदल सुचवले. दशक संपेपर्यंत ओढ्यातलं प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरलं. याच काळात तिथे ‘बायोबेड’ रुजला. सुमारे साठ सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, तळाला चिकणमाती दाबायची, वर दोन भाग काड, एक भाग पीट आणि एक भाग शेतातली माती यांचं मिश्रण भरायचं, त्यावर गवत लावायचं. पंप उभा करायचा तो याच खड्ड्यावर. सांडलेलं औषध मातीत धरून ठेवलं जातं आणि काडावर वाढणारी बुरशी ते हळूहळू तोडते. पीटऐवजी कंपोस्ट वापरूनही असे खड्डे इतर देशांत चालवले गेले आहेत. काड, कंपोस्ट आणि माती नाशिकच्या कुठल्याही वाडीवर मिळते.

बाकीचे उपायही आवाक्यातले आहेत. बाटली तीनदा विसळून ते पाणी टाकीतच घालायचं. टाकी धुतलेलं पाणी बागेतच फवारायचं. ओळींमधल्या उघड्या जमिनीवर गवत राखायचं, कारण कित्येक रसायनं मातीच्या कणांना चिकटूनच प्रवास करतात. त्याच कारणाने, नाल्यात पाणकणीस वाढलं असेल तर ते जेसीबी लावून साफ करायचं नाही. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घातलं की पानं ओली होत नाहीत आणि डावणीच्या फवारण्या घटतात, पण त्याचा एकरी खर्च लहान बागायतदाराला झेपत नाही. अनुदान इथे खरं कामाला येईल. ऐन पावसाळी हवेत फवारणी पूर्ण टाळता येणार नाही, हे मान्य करूनच ही यादी केली आहे.

या अंकाची मागणी नेमकी आहे. द्राक्षाचे अंश शोधणारी यंत्रं आणि ती चालवणारी माणसं पुण्या-नाशकात आहेतच. येत्या हंगामापासून कादवा आणि तिला मिळणाऱ्या काही नाल्यांचं पाणी छाटणीनंतरच्या प्रत्येक मोठ्या पावसाच्या चोवीस तासांच्या आत घेतलं जावं. त्यात ‘ॲनेक्श्चर ५’मधली औषधं तपासली जावीत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. कोणा एका शेतकऱ्याला दंड करण्यासाठी ते वापरू नयेत. खर्च प्रदूषण नियंत्रण मंडळ, कृषी खातं, औषध कंपन्या आणि निर्यातदार यांनी वाटून घ्यावा. नांदूर मध्यमेश्वरचं पाणी पुढे जायकवाडीत जातं आणि छत्रपती संभाजीनगर ते पितं, म्हणून त्या शहरानेही या मागणीमागे उभं राहावं.

 ज्यांच्या गावातून ओढा वाहतो, त्यांनी यंदाच्या ग्रामसभेत त्याच्या पाण्याच्या तपासणीचा ठराव मांडावा आणि ठरावाची प्रत अंकाकडे पाठवावी. आलेले ठराव पुढच्या अंकात गावांच्या नावांसह छापले जातील.