एक बोट, दोन कामे आणि आईची जागा



मिनेसोटातील तळ्यांवरचा बर्फ वितळू लागला की इथल्या अनेक घरांत एक वाद उभा राहतो: यंदा बोट घ्यायची का, आणि घ्यायची तर कोणती? गेली तीन वर्षे तो आमच्याही घरात चालला आहे. मुलाला पहाटे गळ टाकून वॉलाय पकडायचे आहेत. मुलीला दुपारी दोर धरून पाण्यावरून घसरत जायचे आहे. दोन बोटी घेण्याची आमची ऐपत नाही, आणि असती तरी ठेवायला अंगण नाही. तेव्हा एकाच बोटीत दोन्ही कामे कशी बसवावीत याचा अभ्यास करणे प्राप्त झाले. वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबे तळ्यांच्या प्रदेशात राहतात, म्हणून या वेळचे सदर त्या अभ्यासासाठी खर्ची घालीत आहोत.

या दोन छंदांचे बोटीकडे मागणे एकमेकांच्या विरुद्ध आहे. वॉलायच्या मागावर बोट ताशी १ ते २ मैल इतक्या सावकाश सरकवावी लागते. मोठ्या माणसाला दोन स्कींवर उभे ठेवायचे तर ताशी २० ते २८ मैलांचा वेग लागतो. गळ टाकणाऱ्याला पुढच्या भागात मोकळा, सपाट ओटा हवा. स्की करणाऱ्याला मागे शिडी हवी, दोर बांधायला इंजिनाच्या वर येणारा खांब हवा, आणि बोटीमागे उठणारी लाट शक्य तितकी लहान हवी. केवळ स्कीइंगसाठी बांधलेल्या बोटीत इंजिन मध्यभागी, पोटात असते. ती पाण्यावर रेघ मारल्यासारखी सरळ धावते; पण तीत गळ घेऊन उभे राहायला धड जागा नसते. उलट केवळ मासेमारीच्या बोटीत पाय ठेवू तिथे पेट्या आणि काठ्यांचे खण.

अर्थात या खेळाचा जन्म झाला तेव्हा त्याच्यासाठी बांधलेली बोट जगात कुठेच नव्हती. मिसिसिपी नदी रुंदावून झालेले लेक पेपिन आमच्यापासून तास-दीड तासावर आहे. तेथे १९२२ च्या जुलैत राल्फ सॅम्युअलसन हा अठरा वर्षांचा तरुण भावाच्या बोटीमागे दोर धरून पाण्यावर उभा राहिला. आधी पिंपाच्या फळ्या, मग बर्फावरच्या स्की वापरून तो बुडत राहिला होता. शेवटी पाइनच्या लांब फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून त्याने वर वळवली, अंग मागे झोकले, आणि साधले. मुलीने हा इतिहास आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला: त्याला चालली तशी आपल्याला कोणतीही बोट चालेल! तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. स्की करणारा कसाही उभा राहतो. खरी अडचण बोटीत बसणाऱ्यांची असते.

हे आम्हांला आईमुळे कळले. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ती मराठवाड्यातून आमच्याकडे आली होती. एका स्नेह्याने आपली बास-बोट दिवसभरासाठी दिली. बोट देखणी, इंजिन दांडगे; मुलगी तिसऱ्याच प्रयत्नात उभी राहिली. पण त्या बोटीचे काठ इतके ठेंगणे, की बसल्या जागेवरून पाण्यात हात घालता येई. आई एका हाताने काठ आणि दुसऱ्याने आमचा दंड धरून बसली होती. वळण घेताना ती एवढेच म्हणाली, "अरे, थांबव की ती."

आम्ही थांबवली, आणि मग लक्षात आले की त्या बोटीतल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही पोहता येत नाही. आईला नाही, आम्हांला नाही, आमच्या सहचारिणीलाही नाही. गावाकडे पोरे पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. आमच्या वस्तीतल्या पोरांना त्या विहिरीच्या काठालाही शिवू देत नसत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी तळ्याच्या पाण्याला हात लावला, पुढे कायदाही आला. पण पोहणे कायद्याने येत नाही. ते थोरल्या भावाने धाकट्याला, बापाने लेकाला शिकवायचे असते, आणि आमच्या घरात शिकवणाराच कधी तयार झाला नाही. आमची मुले शाळेच्या तलावात पोहायला शिकली. घराण्यातली ती पहिली.

त्या दिवसापासून निवडीचा क्रम उलटा झाला. आधी आईची जागा, मग मासे, मग स्की.

पहिली पसंती अर्थातच पाँटूनला गेली. रुंद, सपाट, कठड्याची. आई तिच्यावर ओसरीवर बसल्यासारखी बसली. तीन नळकांड्यांची आणि पुरेशा अश्वशक्तीची पाँटून स्कीही ओढते. परंतु भाड्याने घेतलेली दोन नळकांड्यांची होती, आणि मुलीला उभे करता करता ती धापा टाकू लागली. वारा सुटला की तिचा उभा कठडा शिडासारखा वारा धरतो आणि गळ टाकायला एका जागी थांबणे कठीण होते. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे अधिक आणि स्कीचा हट्ट कमी, त्यांनी मात्र पाँटूनच घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमची निवड शेवटी दोन्ही कामांसाठी बांधलेल्या अॅल्युमिनियमच्या बोटीवर स्थिरावली: लांबी १८ फूट, काठ उंच, तळ खोल इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा. असा तळ लाट कापत जातो, त्यामुळे आदळआपट कमी होते. उभी असताना मात्र बोट थोडी अधिक डुलते, म्हणून तिला रुंदी चांगली हवी. फायबरची बोट अधिक गुळगुळीत चालते, पण वजनाने भारी असते आणि ओढायला गाडीही तशीच लागते.

इथे एक फलक वाचायला शिकावे. २० फुटांखालील एकतळी बोटीवर किती माणसे, किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती हे लिहिलेले असते. एका विक्रेत्याने आम्हांला १६ फुटी बोटीत "सहा जण सहज बसतात" असे सांगितले. फलकावर पाच होते. शिवाय माणसांबरोबर इंजिन आणि सामान यांचेही वजन त्या हिशेबात धरायचे असते. आम्ही घरच्या सर्वांचे वजन कागदावर मांडले (सहचारिणीचे वजन अंदाजाने, कारण ते विचारण्याचे धाडस झाले नाही) आणि १६ फुटी बोट बाद केली.

इंजिनात काटकसर करू नये. फलकावरच्या कमाल शक्तीच्या तीन चतुर्थांश तरी असावी. नाहीतर दोघे बसून घेतलेली चाचणी छान होते आणि पाच जण बसले की स्कीवाला पाण्यातच लोळत राहतो. आम्ही ११५ अश्वशक्तीवर थांबलो. पंखा कमी पिचचा बसवला की कमाल वेग थोडा जातो, पण बोट पाण्यातून चटकन वर उठते, आणि ओढणीला तेच हवे. सावकाश सरकण्यासाठी पुढे विजेची छोटी मोटर. मात्र पंखा मागे उघडा असल्याने शिडीजवळ कुणी असताना इंजिन बंद, हा नियम; आणि वेकसर्फिंग, म्हणजे बोटीच्या लाटेवर अगदी जवळ उभे राहणे, अशा बोटीमागे कधीच नाही. मुलगी यावर अजून रुसलेली आहे.

मासे जिवंत ठेवायच्या टाकीवरून वेगळाच वाद झाला. ती मोठी असावी असे मुलाचे म्हणणे. मुलीने पंचशील काढले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा यांत केलेला भेद आम्ही समजावून सांगितला आणि ठरवले, रात्री ताटात येतील तेवढेच पकडायचे. म्हणून टाकी लहान. "मग पकडून सोडून देणे हे कशात येते?" असे तिने विचारले. त्याचे उत्तर आम्हांला अद्याप देता आलेले नाही.

बोट जुनीच घेतली. जुनी बोट घेताना जमिनीवर पाहून व्यवहार करू नये; पाण्यात, सगळ्या घरादारासह चालवून पाहावी. तळफळीवर पाय दाबत चालावे, दबली तर आत लाकूड कुजले आहे असे समजावे. आमचीत पुढचा ओटा आखूड आहे, मुलाची कुरकुर चालू असते. मागच्या बाजूला तोंड करून बसायची एक भक्कम खुर्ची मात्र आहे.

ती आईची. दोरावर कुणाला ओढताना चालकाखेरीज मागे पाहणारे एक माणूस, नाहीतर रुंद आरसा, बोटीत असावाच लागतो. आईने खुणा पाठ केल्या आहेत: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून हात फिरवला म्हणजे थांबा, आणि पडल्यावर डोक्यावर हात जोडून धरले म्हणजे मी ठीक आहे. जून महिन्यात ती पुन्हा येते आहे. परवा फोनवर तिने एवढेच विचारले, तिचे लाइफ जॅकेट, तिच्या भाषेत 'भोपळा', उंदरांनी तर कुरतडले नाही ना?