विश्लेषण : नॅसवरच्या फाइल्स हॅकर्सनी कुलूपबंद केल्या, तर ‘स्नॅपशॉट’ किती वाचवतो?

एप्रिल २०२१. क्यूनॅप या तैवानी कंपनीची नॅस उपकरणे वापरणाऱ्या जगभरातील अनेकांना एके दिवशी आपले फोटो, हिशेब आणि कागदपत्रांच्या जागी पासवर्ड लावलेल्या झिप फाइल्स दिसल्या. सोबत एक चिठ्ठी होती : ०.०१ बिटकॉइन द्या, पासवर्ड मिळेल. तेव्हाच्या भावाने ही खंडणी साधारण ५५० डॉलर होत होती. हल्ल्याचे नाव ‘क्यूलॉकर’. विशेष म्हणजे घुसखोरी झाली ती बॅकअप घेणाऱ्याच एका ॲपमधील त्रुटीतून. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने याच उपकरणांना पुन्हा लक्ष्य केले. त्या वेळी मागणी ०.०३ बिटकॉइनची होती.

नॅस म्हणजे काय?

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा. फोटो स्टुडिओ, सीए ऑफिस, छोट्या कंपन्या आणि आता अनेक घरांतही तो असतो. सगळ्यांच्या फाइल्स एकाच ठिकाणी राहतात, ही त्याची सोय. धोकाही त्यातच आहे.

स्नॅपशॉट कसा काम करतो?

स्नॅपशॉट घेताना फाइल्सची दुसरी प्रत तयार होत नाही. त्या क्षणी कोणता डेटा डिस्कवर कुठे आहे, याची फक्त नोंद ठेवली जाते, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी. म्हणून तो काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जवळपास जागाच घेत नाही. पुढे फाइल बदलली किंवा पुसली, तरी स्नॅपशॉटमध्ये नोंदलेला जुना डेटा डिस्कवर तसाच राहतो. फाइल्स कुलूपबंद झाल्या, तरी आदल्या दिवशीची स्थिती परत आणता येते ती यामुळेच.

डेटा परत आणताना काय पाहावे?

आधी नॅसचे इंटरनेट तोडणे आणि ज्या त्रुटीतून घुसखोरी झाली ती बंद करणे गरजेचे. नाहीतर परत आणलेल्या फाइल्सही पुन्हा कुलूपबंद होतील. त्यानंतर दोन मार्ग असतात. संपूर्ण व्हॉल्यूम मागे नेला, तर स्नॅपशॉटनंतरचे सगळे काम जाते. निवडक फोल्डर परत आणायला वेळ लागतो, पण नवे काम वाचते.

मग क्यूलॉकरमध्ये लोकांचे नुकसान का झाले?

कारण हल्लेखोरांच्या हाती फक्त फाइल्स नव्हे, तर नॅसचा ताबाच गेला होता. अनेकांना आपले स्नॅपशॉटही पुसलेले आढळले. ॲडमिनचे अधिकार मिळाले की स्नॅपशॉट पुसणे काही क्लिकचे काम असते.

दुसरी अडचण जागेची. समजा नॅसवर ४ टीबी डेटा आहे आणि तो सगळाच बदलला गेला, तर जुना ४ आणि नवा ४ असे ८ टीबी लागतात. तेवढी जागा नसेल, तर सेटिंगनुसार काही उपकरणे सर्वांत जुने स्नॅपशॉट आपोआप पुसतात. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी मागे जाण्याचा रस्ताच बंद होतो.

यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी ठरलेल्या मुदतीत ॲडमिनलाही पुसता येणार नाहीत असे स्नॅपशॉट आणले. सिनॉलॉजीने २०२३ मध्ये डीएसएम ७.२ मध्ये ही सोय दिली.

एवढे पुरेसे आहे का?

नाही. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो. डिस्क जळाली, चोरीला गेली, तर तोही जातो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’वरील ८५८ टीबी डेटा त्यात नष्ट झाला, कारण त्याची प्रत बाहेर कुठेच नव्हती. अशा वेळी आतल्या आत घेतलेले कितीही स्नॅपशॉट कामी आले नसते.

म्हणून तज्ज्ञ ‘३-२-१’ नियम सांगतात : डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या माध्यमांवर आणि १ प्रत दुसऱ्या जागी. चुकून पुसलेली फाइल किंवा कालचा गोंधळ यांवर स्नॅपशॉट हा सर्वांत जलद इलाज आहे, पण तो बॅकअपची जागा घेऊ शकत नाही.

घरी किंवा ऑफिसात नॅस असेल, तर आजच एखादी बिनमहत्त्वाची फाइल पुसून ती स्नॅपशॉटमधून आणि बाहेरच्या बॅकअपमधूनही परत आणून पाहा. दोन्हीकडून परत आली, तरच तयारी पूर्ण आहे असे समजा.