खेळाचा नियम आणि आकाराचे ज्ञान

अमूर्त चित्रकलेतील आकाराची ओळख करून देण्यासाठी कागद कापणे, तुकडे जुळवणे, डोळे मिटून रेषा ओढणे अशा क्रीडात्मक अभ्यासांचा आपल्याकडे बराच प्रसार झाला आहे. त्यांचे पुरस्कर्ते एक वाक्य हमखास उच्चारतात: येथे काहीच चुकीचे नसते. तेच वाक्य ऐकून समीक्षक हे अभ्यास बालवाडीच्या खाती जमा करून मोकळे होतात. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिकांमागे एकच गैरसमज आहे. खेळ म्हणजे नियमांतून सुटका, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले आहे. वस्तुतः ज्यात बाद होता येत नाही तो खेळच नव्हे, हे सूरपारंब्या खेळणारे मूलही जाणते.

ज्या बाउहाउसचा वारसा हे पुरस्कर्ते सांगतात, तेथील इतिहास काय दाखवतो? १९२३ पासून योझेफ आल्बर्स तेथील प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या हाती साधा कागद देत. साधने कमीत कमी वापरावीत, काही वाया घालवू नये, ही अट असे. कागद घडीच्या बळावर उभा राही किंवा कोसळे. निर्णय शिक्षकाच्या कौतुकावर अवलंबून नसे. याउलट कांडिन्स्कीने १९२३ मध्येच तेथे एक प्रश्नावली फिरवली. त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांना पिवळा, तांबडा व निळा यांपैकी कोणता रंग शोभतो, असा प्रश्न होता. त्याचे स्वतःचे उत्तर मात्र आधीच ठरलेले होते, आणि पिवळा त्रिकोण, तांबडा चौकोन, निळे वर्तुळ हे समीकरण पुढे सिद्धांताच्या थाटात वावरू लागले. तात्पर्य, खेळ दोन प्रकारांनी मरतो: कोणतेही उत्तर चालते तेव्हा, आणि एकच उत्तर चालते तेव्हा.

हान्स आर्पची १९१६-१७ मधील, यदृच्छेच्या नियमांनुसार रचलेली म्हणून ओळखली जाणारी कागदी चिकटचित्रे यदृच्छावाद्यांचा मोठा आधार. त्यांतील प्रसिद्ध चित्र नीट पाहावे. फाटके चौकोन बहुतांशी एकमेकांवर न चढता, अंतर राखून बसले आहेत. यदृच्छेने सुरुवात करून दिली असेल; निवड डोळ्यानेच केली आहे.

याचा साहित्यविचाराशी संबंध काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. संबंध निकटचा आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सर्व कलांसाठी मांडली. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथानंतर त्यांवर विपुल खंडनमंडन झाले. परंतु 'आकृतिबंध' हा शब्द सहज वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादा आकार हाताने हलवून पाहिला आहे?

काळ्या कागदाचा एक चौकोन घ्यावा. त्याचे तीन असमान तुकडे करून पांढऱ्या कागदावर मांडावेत. एकही वगळू नये, एकावर एक चढवू नये. एक तुकडा बोटभर सरकवताच उरलेल्या दोघांचे वजन बदलते, आणि मधली पांढरी जागा स्वतःच आकार होऊन पुढे येते. समतोल हा तुकड्यांचा गुण नसून संबंधांचा गुण आहे, हे व्याख्या पाठ करून उमगत नाही. शिवाय त्रिकोण पायावर उभा राहिला की तो डोंगर वाटू लागतो. शुद्ध आकारातही अर्थ असा न बोलावता शिरत असेल, तर शब्दांच्या कलेत तो बाहेर कसा ठेवायचा? मर्ढेकरांवरील मूलभूत आक्षेप येथे टेबलावरच उपस्थित होतो.

कविता काळात उलगडते, कागदाचा तुकडा अवकाशात असतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ते अंतर नेमके कोठे पडते हे कळण्यासाठीही दोन्ही बाजूंचा अनुभव हवा. प्रभाकर बरवे यांच्या 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकात आकार आणि अवकाश यांविषयीचा विचार चित्रकाराच्या हातातून मराठी गद्यात उतरला आहे. आपल्या सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक्रमांनी अशा लेखनाला आणि अशा अभ्यासांना परिघावर ठेवले, तर 'आकृतिबंध' ही संज्ञा केवळ परीक्षेत लिहिण्यापुरती उरेल. पदव्युत्तर वर्गात कात्री आली म्हणून विद्वत्तेची प्रतिष्ठा कमी होणार नाही. मात्र कात्रीबरोबर नियमही आला पाहिजे, आणि चुकण्याची शक्यताही.