संशय असेल तर बार नको

मी शिकारी नाही. बंदूक हाती धरली ती कॉलेजात असताना एन.सी.सी.त, आणि तीही पुठ्ठ्याच्या निशाणापुरती. तरीही यंदा शिकारीवर लिहितो आहे. गेल्या मे महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी अलास्काहून गावी आला. शिक्षकांच्या खोलीत चहा घेत त्याने तिकडच्या कायद्याला यथेच्छ नावे ठेवली आणि आमच्या सहकाऱ्यांनी माना डोलावल्या. पाहुण्याचा मान म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो. ती चूक येथे दुरुस्त करतो.

त्याचे गाऱ्हाणे असे : "सर, दोनशे पावलांवर झुडपात उभ्या असलेल्या जनावराच्या शिंगांची रुंदी नुसत्या डोळ्यांनी मोजायची म्हणे! माझा अंदाज तीन इंचांनी चुकला. मांस सरकारजमा झाले, वर दंड. हा कुठला न्याय?"

वाचकांना आधी जनावर सांगतो. मूस हा हरिणकुळातला सर्वांत मोठा प्राणी. अलास्कातला पूर्ण वाढलेला नर पाचशे ते सातशे किलोंचा. शिंगे फक्त नराला, दोन सुपे आडवी धरावीत तशी पसरट. आपल्या सांबराप्रमाणे तीही दरवर्षी झडतात आणि नव्याने येतात. अलास्काच्या पुष्कळ भागांत नियम असा, की शिंगांचा फैलाव निदान ५० इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर हवा. किंवा कपाळाकडच्या फाट्यावर एका बाजूला ठरावीक टोके, कुठे तीन तर कुठे चार, हवीत. काही भागांत एकदोन टोकांचे कोवळे नरही चालतात. मधल्या वयाच्या नरांना मात्र अभय. केनाई द्वीपकल्पात ही पद्धत १९८७ साली सुरू झाली. कारण साधे आहे. ज्याला दिसेल त्याने दिसेल तो नर टिपला, तर माद्यांच्या मानाने नर उरत नाहीत. मधले नर राखले, तर त्यांतलेच पुढे मोठे होतात.

आता मोजायचे कसे? शिकाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. मोठ्या नराच्या दोन डोळ्यांमध्ये ढोबळमानाने दहा इंच अंतर धरायचे. तशी पाच अंतरे शिंगांच्या फैलावात बसली, की झाले ५० इंच. ऐकायला सोपे. पण जनावर समोरासमोर, मान सरळ ठेवून उभे राहायला हवे. ते तिरके वळले की हिशेब फसला. तरुण नराचे डोकेच लहान असते, त्यावर बेताची शिंगेही भव्य दिसतात. त्यात शिकाऱ्याची छाती धडधडत असते आणि मनाला हवे तेवढे इंच डोळा भरून देत असतो.

म्हणूनच जाणकार सांगतात, रुंदीवर विसंबू नका, टोके मोजा. टोक निदान एक इंच लांब आणि रुंदीपेक्षा लांबीला जास्त असेल तरच ते टोक. रुंदीचा अंदाज करावा लागतो. टोके मोजता येतात. आपल्या बैलबाजारात वेगळे काय चालते? बैलाच्या शिंगांवर आणि झुलीवर भाळतो तो नवखा. जाणता शेतकरी जबडा उघडून दात बघतो.

"पण सर, टोके दिसतच नव्हती," असे तो म्हणाला. अरे, मग बार का काढलास? सारा वाद या एका प्रश्नाशी संपतो. कायद्याने तुला दुरून इंच मोजण्याची सक्ती केलेली नाही. खात्री नसेल तर बंदूक खाली ठेव, एवढेच सांगितले आहे. मूस निघून जाईल, तू रिकाम्या हाताने परतशील, पुढच्या सप्टेंबरात पुन्हा जाशील. तुझा अंदाज चुकला याचा दंड तुला झालाच नाही. अंदाज आहे हे ठाऊक असून खात्री असल्यासारखा वागलास, त्याचा झाला.

एक सहकारी म्हणाले, "जीव घ्यायचाच, तर इंच कसले मोजता?" मी शाकाहारी आहे, म्हणून हा प्रश्न मलाही चटकन पटला असता. पण त्याच कायद्याने तिथे मांस रानात टाकून नुसती शिंगे मिरवत आणण्याला बंदी आहे. खाण्याजोगे मांस वाहून आणावेच लागते. आपल्याकडे संस्थानी काळात वाघ नाकापासून शेपटीपर्यंत किती भरला, याच्या फुशारक्या चालत. तिथे इंच होता तो मारून झाल्यावर बढाईसाठी. इथे तो मारण्यापूर्वी हात आवरण्यासाठी आहे. दोन्ही इंच एकाच तागडीत घालू नयेत.

त्या विद्यार्थ्याला एवढे ऐकवण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेत एका मुलाची मान शेजाऱ्याकडे वळली. मी त्याचा पेपर काढून घेतला आणि कॉपीचा शेरा मारला. मान वळली होती हे खरे. त्याने काही उतरवले का, हे मी पाहिले नव्हते; शेजाऱ्याचा पेपर त्याच्या पेपराशी ताडूनही पाहिला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत पोरांची नजर ओळखता येते, अशी माझी घमेंड होती. त्याचे वर्ष गेले. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आलाच नाही.

अलास्कात तीन इंचांच्या चुकीला जाब विचारणारा कोणी तरी आहे. मला कोणी विचारले नाही. मी यथाकाळ हेडमास्तर झालो.