मांडी ही सीट नव्हे



जीव जपायचं शिक्षण आपल्याला कोणी वर्गात बसवून दिलं नाही. पाणी गाळून घ्यायचं, धान्य निवडताना पोरकिडा दिसला तर हलक्या हाताने बाजूला ठेवायचा, गॅस पेटवण्याआधी बर्नरवर मुंगी नाही ना हे बघायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं. हे सगळं आपण आजीचं बघून शिकलो. याला आपण यत्न म्हणतो, कुणी जयणा म्हणतं. आणि याच घरांतून पंचकल्याणक पूजेला, लग्नाला, बाहुबलीला गाडी निघते तेव्हा पाच वर्षांचं पोर दोन पुढच्या सीटांच्या मधे उभं असतं. किंवा आज्जीच्या मांडीवर, किंवा सर्वात पुढे, "बघ, बघ, ट्रक गेला" करत. मला हे पटत नाही. आज त्यावरच लिहिते आहे.

बूस्टर सीट म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण ऑनलाइन शोधायला गेलात तर जेवणाच्या खुर्चीवर बांधायची सीटही याच नावाने समोर येते. ती नव्हे. गाडीतली बूस्टर म्हणजे मुलाला उंच बसवणारं भक्कम आसन. त्याला स्वतःचे पट्टे नसतात. गाडीचा मोठ्यांचा जो पट्टा आहे तोच मुलाच्या अंगावर योग्य जागी यावा, एवढंच त्याचं काम. खांद्यावरून आणि कंबरेवरून जाणारा हा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीने गाडीत आणला, तो मोठ्या माणसाच्या शरीराचं माप धरून. मोठ्या माणसाला खुब्याची पक्की हाडं असतात, पट्टा त्यांवर अडकतो. सहा वर्षांच्या मुलाला तोच पट्टा लावला की वरचा भाग गळ्याला काचतो आणि खालचा पोटावर येतो. गळ्याला टोचतो म्हणून मूल तो काखेखाली घेतं नाहीतर पाठीमागे टाकतं. मग जोराचा ब्रेक लागला की मूल पट्ट्याखालून पुढे घसरतं आणि पट्टा पोटात रुततो. आतडी, यकृत, पाठीचा कणा, सगळं तिथेच असतं. "पट्टा लावला होता की हो" असं नंतर म्हणून उपयोग नाही.

मांडीचा हिशोब मी जरा नीट मांडते, कारण आपल्याला खरंच वाटतं की आपण धरून ठेवू. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि कशाला तरी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं समजा. त्या क्षणी २० किलोचं मूल हातांना जवळजवळ २८० किलोचं लागतं. पावणेतीन क्विंटलहून जास्त. पन्नास किलोची साडेपाच पोती. आपल्या दुकानातला हमाल एका वेळी एक पोतं उचलतो, तेसुद्धा पाठीवर. आपण डझनभर बांगड्यांच्या हातांनी साडेपाच धरणार? दुसरा हिशोब: ५० च्या वेगाची धडक म्हणजे साधारण ३० फुटांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याएवढा मार. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आपण नातवाला कठड्यावर उभं करू का? आणि मांडीवर घेणाऱ्या आज्जीने स्वतः पट्टा लावलेला नसला तर तिचं स्वतःचं वजन मागून त्या पोरावर येतं, हे तर कोणी ध्यानातच घेत नाही.

आमच्या नात्यातली एक गोष्ट आहे. पूजेहून परत येताना हमरस्त्यावर कुत्रं आडवं आलं. ड्रायव्हर भला माणूस, त्याने करकचून ब्रेक मारला. कुत्रं वाचलं, आणि ते वाचलं हे चांगलंच झालं. पण मागच्या सीटवर मावशीच्या मांडीवर बसलेली सहा वर्षांची मुलगी पुढच्या सीटवर आपटली. ओठ फाटला, दोन दात गेले, गळ्याखालचं हाड मोडलं. धडक नव्हती, नुसता ब्रेक. भेटायला येणारी प्रत्येक बाई तिच्या उशाशी बसून म्हणत होती, "कर्माचा उदय, दुसरं काय." मी गप्प बसले, आजाऱ्याच्या खोलीत वाद घालू नये. पण इथे बोलते.

कर्मसिद्धांत मी मानते. पण तो निष्काळजीपणाची पावती म्हणून वापरायचा नसतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे, ती आपण स्वाध्यायात कितीदा ऐकली आहे. तिथे नुसता जीव जाणं म्हणजे हिंसा असं म्हटलेलं नाही, प्रमादातून जीव जाणं असं म्हटलेलं आहे. सगळं वजन त्या प्रमाद शब्दावर आहे. मुनिमहाराज चालतात ते चार हात पुढची जमीन बघत, कारण पायाखाली काय येईल ते कर्मावर सोडायचं नाही. उद्या होणाऱ्या घटनेचा पत्ता आपल्याला नाही, पण पट्टा लावायचा की नाही हे आपल्या हातात आहे. तो पुरुषार्थ. पाणी गाळताना आपण म्हणत नाही की या जिवाचं आयुष्य असेल तर तो न गाळताही वाचेल. मग नातवाच्या बाबतीतच तेवढं का म्हणायचं?

आणि खरं सांगू, घरात हे अडतं कुठे? पैशाशी नाही, मुलाच्या बापाशीही नाही. ते बहुतेक वेळा आपल्याशी, आज्ज्यांशी अडतं. सून बिचारी वाचून, बघून सीट आणते. पोर पहिल्या दिवशी हातपाय झाडतं, आणि मागून आपलं सुरू होतं, "अगं रडतोय तो, दे इकडे, मी घेते." सुनेचं तोंड बंद. दोन दिवसांनी ती सीट माळ्यावर. वर आपलं पेटंट वाक्य, "आमची पोरं काय अशीच मोठी झाली नाहीत?" झाली, पण कुठल्या रस्त्यावर? पुणे-कोल्हापूर रस्ता आपल्या तरुणपणी दुपदरी होता, दर दहा मैलांवर बैलगाड्यांमागे गाडी रखडायची. आज त्याच रस्त्यावर आपली गाडी ८०-९० ने जाते आणि शेजारून तिच्याहून वेगाने जाणाऱ्या असतात. शिवाय "आम्ही मोठे झालो" हे मोठे झालेलेच सांगू शकतात. जी पोरं झाली नाहीत ती सांगायला येत नाहीत.

मागे बसलं की काही होत नाही, हाही एक समज आहे. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, उत्तम. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, आणि ते दोघेच गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. कायद्याचं म्हणाल तर २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा लहान मुलांची सीट न वापरता नेलं तर १००० रुपये दंड आहे. मला स्वतःला आजवर तो कुणी भरलेला माहीत नाही. पण दंडाच्या भीतीने आपण रात्रीचं जेवण सोडलेलं नव्हतं.

आता घ्यायची कोणती. पहिली गोष्ट, घाई करू नका. बूस्टर चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी नाही. त्याआधी मुलाला स्वतःचे पट्टे असलेली कार सीट लागते, आणि त्या सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल मावतंय तोवर तीच चांगली. "मोठी झाली आता" म्हणून लवकर बूस्टरवर आणण्यात काही प्रौढी नाही. बूस्टरमध्ये दोन प्रकार. एक पाठीचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार असलेला, आणि दुसरा नुसता पाटासारखा. आपल्याकडे प्रवास लांबचे असतात, पहाटे निघायची पद्धत, मुलं अर्ध्या तासात झोपतात. झोपलेलं मूल पाटावरून एका बाजूला कलंडलं की पट्टा जागचा हलतो. म्हणून माझं मत पाठीच्या बूस्टरला. पाटासारखा थोड्या मोठ्या मुलांना, १२५ सेंटीमीटर उंचीच्या पुढे ठीक.

सीटवर प्रमाणपत्राची चिठ्ठी हवी. युरोपच्या मानकाची असेल तर आर ४४/०४ किंवा आर १२९ असं लिहिलेली नारिंगी चिठ्ठी असते, आपल्याकडच्या मानकाचा क्रमांक ए.आय.एस. ०७२. चिठ्ठी नाही तर ती सीट नाही, नुसतं प्लास्टिक आहे. घरची उशी, लोड, दुमडलेली सतरंजी यांना बूस्टर समजू नका. त्या दबतात आणि सरकतात, मग पट्टा पुन्हा पोटावर. एका मैत्रिणीने विचारलं, त्यात चामडं असतं का? माझ्या पाहण्यातल्या सगळ्या कापडी होत्या, आत प्लास्टिक आणि फोम. तरी शंका असेल तर विकणाऱ्याला विचारून घ्या, त्यात लाजायचं नाही.

"थोड्या वर्षांसाठी एवढा खर्च कशाला, आपण अपरिग्रहवाले." मी बी.कॉम. झालेली बाई, मला घसारा काढता येतो. चौथ्या-पाचव्या वर्षी घेतलेली बूस्टर दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत चालते. किंमत सहाने भागा आणि एका वाढदिवसाच्या हॉलच्या भाड्याशी ताडून बघा. हो, एक मात्र आहे. आपल्यात वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायची चांगली सवय आहे, पाळणा तीन घरं हिंडतो. बूस्टर तशी फिरवायची असेल तर सख्ख्या माणसांतच, जिचा सगळा इतिहास ठाऊक आहे तीच घ्या. अपघात झालेल्या गाडीतली सीट वरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते, ती टाकूनच द्यायची. खालच्या बाजूला वापराची मुदत कोरलेली असते तीही बघा. जुन्या बाजारातली नको.

वापरताना तीन ठिकाणी हात फिरवून बघायचं. कंबरेचा पट्टा पोटावर नाही, मांड्यांच्या मुळाशी. वरचा पट्टा गळ्यापासून दूर, खांद्याच्या मध्यावरून छातीवर. आणि पट्ट्याला कुठे पीळ नाही. बूस्टर कायम मागच्या सीटवर, पुढे एअरबॅग मोठ्यांसाठी आहे. आणि जिथे खांद्याचा पट्टा आहे तिथेच. जुन्या गाड्यांत मागे मधल्या जागी नुसता कंबरेचा पट्टा असतो, तिथे बूस्टर चालत नाही. मूल गाडीत नसतानाही रिकामी बूस्टर पट्ट्याने बांधून ठेवा, नाहीतर ब्रेकबरोबर तीच उडून पुढच्याच्या मानेत बसते.

सोडायची केव्हा, तर वयावरून ठरवू नका, उंचीवरून ठरवा. ब्रिटनमध्ये कायद्याने १३५ सेंटीमीटर किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १४५ च्या आसपास सांगतात. आपली मुलं बांध्याने लहान, १४५ गाठायला अकरावं-बारावं वर्ष उजाडतं. मुलाला साध्या सीटवर बसवा. पाठ मागे टेकून गुडघे सीटच्या कडेशी वाकतात का, आणि पट्टा आपसूक योग्य जागी येतो का? दोन्ही जमलं आणि प्रवासभर टिकलं, तर सीट सुटली.

रडण्याचं काय, असं विचाराल. रडतील, दोन-चार प्रवास. आमच्याकडे गाडी सुरू होण्याआधी नऊ वेळा णमोकार होतो. त्याच वेळात प्रत्येकाने आपला पट्टा लावायचा, असं ठरलं आहे. आता धाकटाच ओरडतो, "आज्जी, तुझा राहिला!" पोर पट्ट्यातून सुटायला बघत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवायची, न रागावता. दोनदा थांबली की कळतं.

लग्नसराईत भाड्याची गाडी ठरवताना मात्र आदल्या दिवशीच ड्रायव्हरला फोन करा. मागच्या पट्ट्यांची लॉकं नव्या सीटकव्हरखाली दाबलेली असतात, आणि मांडवात पोचायच्या घाईत ती कुणी उकरून काढत नाही. "कव्हर फाडून का होईना, तिन्ही लॉकं वर काढून ठेवा" असं स्पष्ट सांगायचं. दोन ड्रायव्हर कुरकुरतात, तिसरा काढून देतो. गाडी त्याचीच ठरवायची.